बूदां आणायला गेलो होतो

शनिवार, २ मार्च

नवी वही, नवं आयुष्य. पाणीपुरवठ्यातून रिटायर झालो, आता कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही. गाणंबजावणं, झणझणीत खाणं आणि भटकणं. उरलेला जन्म एवढंच करायचं.

संकल्प: तिखट बंद. डॉक्टरीणबाई पोटात दुर्बीण घालायच्या गोष्टी करतायत. ईस्टरपर्यंत एक थेंब तिखट जिभेवर नाही. देवालाही कळवलंय.

आता खरी बातमी. एल्फेजच्या सलूनमधली शनिवार सकाळची मैफल. खुर्च्या भिंतीला, गिऱ्हाइकं बंद, नेहमीचंच. एल्फेज (बायकोचा भाऊ) अकॉर्डियनवर, व्हर्निस फिडलवर, रॉयस गिटारवर आणि तीफेरवर मी. व्हर्निसने फिडल मांडीवर ठेवलं आणि शाळेत निकाल सांगायची तशा आवाजात म्हणाली, ऑगस्टमध्ये नोव्हा स्कोशियाच्या मेळाव्याचं बोलावणं आलंय. इंग्रजांनी आपल्या फ्रेंच खापरपणज्यांना जिथून जहाजांत कोंबून इकडे दक्षिणेला हाकललं, त्याच किनाऱ्यावर स्टेज.

अंगावर काटा आला माझ्या. बाबा जन्मभर म्हणायचे, एकदा तिकडे जाऊन यायचंय. भातशेतीने कधी सोडलं नाही त्यांना. माझं तीफेर त्यांनीच घडवलेलं. गवत ओढायच्या जुन्या दाताळ्याचे लोखंडी दाते तापवून वाकवले, त्याचा हा सळईने ठोकायचा त्रिकोण. तो त्या किनाऱ्यावर वाजला पाहिजे, आणि माझ्या हातून. बास, ठरलं.

कोण कोण जायचं ते सावकाश ठरवू, व्हर्निस म्हणाली. रॉयसकडे बघून वाईट वाटलं. माणूस देवासारखा, पण हल्ली ताल सुटतो त्याचा. मी वाजवायला लागलो की गडबडतोच.

मध्येच एल्फेज म्हणाला, नोल्टन गड्या, कोपऱ्यावरून जरा बूदां घेऊन येतोस का, भूक लागली. आणलं. तोवर त्यांनी दोन गाणी उरकलेली.

शनिवार, ९ मार्च

कोपऱ्यावरचं बूदां हल्ली पांचट झालंय म्हणे. एल्फेज म्हणाला, ममू गावाला जा, तिथलं खरं. हे काम कुणालाही सांगता येत नाही. रॉयसला पाठवला तर तो शिळंही घेऊन येईल.

गेलो. ट्रकमध्येच एक तपासून बघितलं. तपासणं म्हणजे खाणं नव्हे. आतड्याचं एक टोक दातात धरायचं, दुसरं चिमटीत, आणि आतला गरम भात, डुकराचं मांस, कांद्याची पात सगळं ओढून घ्यायचं. शेजारच्या गाडीत टेक्ससचा कुणीतरी काट्याचमच्याने खात होता. मान फिरवली मी. काही गोष्टी बघवत नाहीत.

दुसरंही तपासलं. एकावरून काय कळतं?

परतलो तर मैफल उठतच होती. व्हर्निस हसत होती. तिला हसताना मी फारसं पाहिलेलं नाही. बूदांचा वास आला असणार.

शनिवार, २३ मार्च

विल प्लॅट. म्हणजे आणखी लांब. तिथलं जास्त तिखट आहे हे व्हर्निसला कोण म्हणालं कोण जाणे, ती तर मिरी पडली तरी शिंकते.

जायच्या आधी एक गाणं मिळालं. रंगात आलो होतो. व्हर्निसने मध्येच वाकून माझ्या तीफेरवर तळहात ठेवला. लोखंड गप्प. लोखंडाचं थरथरणं हाताला जाणवावं म्हणून ठेवला असेल. मोठे कलाकार असं करतात.

माझी खुर्चीही हलवली आहे. आता दाराजवळ, कोकच्या मशिनपलीकडे. वारा छान लागतो.

अर्लीनला सांगितलं. बायको टॉवेलच्या घड्या घालत होती. दर शनिवारी तुलाच का रे पाठवतात, म्हणाली. म्हटलं, जीभ आहे का दुसऱ्या कुणाला? तिने एकच टॉवेल तीनदा घडी केला. भारावली असावी.

मंगळवार, २ एप्रिल

ईस्टर झाला. देवाचं कलम संपलं, डॉक्टरीणबाईंचं चालू. दुर्बीण झाली. पोटाला आतून चट्टा पडलाय. आणखी तिखट खाल्लंत तर मला बोलवू नका, सरळ पाद्र्याला बोलवा, असं म्हणाल्या. बाईला बोलायची रीत नाही.

ट्रकच्या कप्प्यात लाल तिखटाची बाटली ठेवली आहे. वापरायला नाही. असली की धीर येतो.

शनिवार, २० एप्रिल

स्कॉट! हायवेने. सगळ्या राज्यातून लोक तिथे बूदांसाठी येतात आणि आमच्या बँडने माणूस पाठवला तर तो मी. असं कुठल्या बँडमध्ये असतं?

मनात मात्र खुटखुट आहे. मेळाव्याला न्यायच्या व्हॅनमध्ये कुणाकुणाला जागा, ते कुणी काढतच नाही. मी विषय काढला की एल्फेज अकॉर्डियनची बटणं पुसायला लागतो. मागे रॉयस ऑईलचेंजवर भेटला. तुझं ठरलं का जायचं, म्हटलं, तर म्हणाला, माझं तर ठरलंच आहे, आणि मग खोकतच राहिला बिचारा. म्हणजे अजून नक्की नाही.

पासपोर्टला अर्ज टाकला. फोटोत मी बाबांसारखा दिसतोय.

शनिवार, ४ मे

आज एल्फेजच्या अंगणात तिखट पाण्यात क्रॉफिश उकडले, आमचे गोड्या पाण्यातले लाल झिंगे. पोतंभर. लांब टेबलावर वर्तमानपत्रं पसरून वाफाळता लाल डोंगर ओतला, सगळं गाव भोवती. ठरवून गेलो होतो: एकही खायचा नाही आणि जागेचा सोक्षमोक्ष लावायचा.

उभ्याने नुसतं बघणं अपमानाचं दिसतं, म्हणून खाल्ले थोडे. म्हणजे ढीग एकाच बाजूने खचला. डोकी चोखली. कोपरापर्यंत तिखट. पोटात निखारा. बेत असा की हात धुऊन एल्फेजला बाजूला घ्यायचं.

तेवढ्यात कानावर आलं. बर्फाच्या पेटीपाशी व्हर्निस एल्फेजला दबक्या आवाजात दटावत होती. आज सांगून टाक त्याला. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. त्याला म्हणजे रॉयसला, उघड आहे. पासपोर्ट आलाय, खिशातच होता. आणि मी, साठीला आलेला, जन्म क्रॉफिश सोलण्यात गेलेला माणूस, डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून डोळा चोळला. त्याच हाताने. इथलं पोरगंसुद्धा असं करत नाही.

आई गं! ब्रह्मांड आठवलं. दुसरा डोळाही चोळला, कारण डोकं ठिकाणावर नव्हतं. ओक झाडाला धरून उभा राहिलो, घळाघळा पाणी. समोरून एल्फेज आला. म्हणाला, नोल्टन, तुझ्याशी जरा बोलायचं होतं. आणि थांबला. माझं तोंड बघितलं. म्हणाला, तुला कळलं वाटतं. मी म्हणालो, तिखट आहे, तिखट. तो म्हणाला, मला माहितीये किती लागतं ते. त्याचेच डोळे भरले. मग मला मिठी मारली आणि म्हणाला, रडू नको रे राजा. येशील तू. येशीलच. बघतो मी तिच्याकडे.

पलीकडे बर्फाच्या पेटीचं झाकण धाडकन आपटलं.

जागा पक्की! रॉयसला कसं सांगणार आहेत देव जाणे.

शनिवार, ११ मे

रॉयसपण येतोय म्हणे. मन मोठं आहे आमच्या लोकांचं.

शनिवार, १ जून. दुपार.

लेक चार्ल्सच्या पलीकडे पाठवलं आज. एका पेट्रोलपंपावर डुकराच्या गालाचं बूदां मिळतं असं एल्फेजला कुणीतरी सांगितलं. इतक्या लांब? म्हटलं. तो म्हणाला, आज खास दिवस आहे. का खास ते सांगितलं नाही. सांगायच्या आधीच व्हर्निसने हाक मारली त्याला.

परतताना फ्रेंच रेडिओ लावला. कुठला तरी बँड, थेट प्रक्षेपण. वॉल्ट्झ. काय सांगू. फिडल असं की मधमाशी कानाशी घोटाळावी, आणि खाली गिटार, ठाय, एक ठोका इकडचा तिकडे नाही. मोकळी मोकळी जागा होती त्या गाण्यात. ट्रक बाजूला घेतला. काच खाली केली. असं वाजवणाऱ्यांत बसायला मिळालं तर माणसाने आणखी काय मागावं, असं खरोखर मनात आलं.

मग निवेदक म्हणाला, बझील गावाहून, एल्फेजच्या सलूनमधून, नोव्हा स्कोशियाला निघालेला आपला बँड.

बूदां संपवलं सगळं. तिखटाची बाटलीही.

आज जास्त लिहीत नाही.

रविवार, २ जून

चर्चमध्ये बसल्या बसल्या उलगडा झाला. माइक! लोखंडाचा आवाज माइकला सोसत नाही, फाटतो. पाणीपुरवठ्यात मी बिनतारी यंत्रं हाताळली आहेत, मला यातलं कळतं. मला आधी सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं, म्हणून नाजूकपणे बाहेर काढलं त्यांनी. किती विचार करतात माझा.

पोट भयंकर दुखतंय.

गुरुवार, २० जून

संकल्प: रोज सकाळी तीफेरचा रियाज. कॉफीच्या आधी. तिखट पूर्ण बंद, या वेळी खरंच.

सोमवार, ८ जुलै

रियाज आजवर दोनदा झाला. कुत्रं घराखाली जाऊन बसतं आणि बोलावलं तरी येत नाही, मग माझं मन लागत नाही.

आज अर्लीनने जुनी तबकडी लावली. म्हणाली, वाजव, मी टाळ्यांनी ताल धरते. वाजवलं. तिने टाळ्या थांबवल्या. पुन्हा लावली. पुन्हा थांबवल्या. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, नोल्टन, इतकी वर्षं बोलले नाही. तुझं लोखंड गाण्याच्या मागे धावतं रे. गाणं दारातून बाहेर पडतं तेव्हा तू अजून बूट घालत असतोस. ते तिथं हजार लोकांसमोर तुला काय करतील मला माहीत नाही. नको जाऊस. आपण दोघं जाऊ कधीतरी. नुसते बघून येऊ.

मी फार चिडलो. म्हटलं, तुझ्या भावाने मला मिठी मारून सांगितलंय. बाबांची वस्तू आहे ही. माझे शर्ट इस्त्रीला घेतले तिने.

वाईट वाटलं नंतर. जळते बिचारी, तिला येता येत नाही ना, गुडघ्यांमुळे.

शनिवार, १० ऑगस्ट. व्हर्जिनिया.

प्रवास! गाडी मीच चालवतोय. तिघं मागे. मध्ये अकॉर्डियनच्या पेट्या. माझ्या शेजारच्या सीटवर बर्फाचा डबा. बूदां टेनेसीतच संपलं. मी चौकशी करून ठेवली आहे, आपलं भाताचं बूदां तिकडे मिळत नाही, घरी परतेपर्यंत विसरा. हे मोठ्यांदा सांगितलं तेव्हा रॉयस म्हणाला, अरे देवा. व्हर्निस खिडकीबाहेर बघत होती.

गाण्यांचा क्रम लावत होते मागे. मी आरशातून विचारलं, सुरुवातीला मी किती वेळ वाजवू? मग एल्फेज म्हणाला, रस्ता बघ रे बाबा, ट्रक आहे पुढे. ट्रक बराच लांब होता.

इकडे वर खाण्याला चवच नाही. सूपवर मिरपूड मागितली तर वेट्रेस बाईने कीव करून बघितलं.

बुधवार, १४ ऑगस्ट. सेंट मेरी बे.

बोटीतून उतरलो. गार वारा, राखाडी पाणी, चर्चचा उंच मनोरा. दफनभूमीत फिरलो. मेलन्सन. मेलन्सन. मेलन्सन. दगडामागून दगड माझंच आडनाव. मी टोपी काढून उभा राहिलो आणि काय करावं कळेना, तर एका दगडावरचं शेवाळ नखाने काढलं. बाबा इथे असते तर रडले असते. मी रडलो. या वेळी हात स्वच्छ होते.

जेवायला राप्यूर. किसलेला बटाटा, कोंबडी, भट्टीत तासन्‌तास. वर काकवी घालतात. तिखटाचं नाव नाही. तिखटाची नवी बाटली काढली तर वाढणारी म्हातारी म्हणाली, चुलतभावा, तुमच्याकडे जीभ भाजली तरच जेवल्यासारखं वाटतं होय रे? सगळे हसले. चुलतभाऊ म्हणाली ती मला. बाटली परत ठेवली.

पोट आज दुखलं नाही. किती महिन्यांनी.

स्टेज बघून आलो. समुद्राकडे तोंड. व्हर्निसने जागा आखून दिल्या. तीन खुर्च्या आहेत. चौथी उद्यापर्यंत येईल.

गुरुवार, १५ ऑगस्ट. सकाळ.

झोप नाही. तीफेर मऊ फडक्याने घासून चकचकीत केलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट. अर्लीनचा फोन आला होता. म्हणाली, काहीही झालं तरी मला सांग, हसणार नाही मी. काय व्हायचंय?

दुपारी दोनला आमचं. एल्फेजने अजून माझ्याकडे बघितलेलं नाही. त्याला स्टेजची भीती वाटते, लहानपणापासून.

तोच. संध्याकाळ.

दीडच्या सुमाराला स्टेजच्या मागे उभा होतो. लोक भरलेले. खुर्च्या तीनच. मीच एक घडीची खुर्ची शोधून काढली, घेऊन येत होतो, तर एल्फेज आडवा आला. बुटांकडे बघत होता. म्हणाला, नोल्टन, इथल्या लोकांनी आपलं बूदां कधी चाखलेलं नाही. डिग्बीच्या बाजूला एक दुकान आहे म्हणतात. आणतोस का? तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

इथे बूदां मिळत नाही हे मला माहीत आहे. एल्फेजलाही माहीत आहे, टेनेसीत मीच सांगितलं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता. मागे व्हर्निस उभी होती, फिडल छातीशी धरून, आणि तीही माझ्याकडे बघत नव्हती. मी एक शब्द बोललो असतो तर तो कोसळला असता. मग वाजवणार कोण?

घडीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. म्हटलं, तिखट आणू की साधं?

तिखट, तो म्हणाला.

किल्ली घेतली. गाडी काढली. वळणापलीकडे गेलो आणि थांबलो, कारण पुढे जायला काही नव्हतंच. दगडांवरून खाली पाण्यापाशी गेलो. वारा तिकडून माझ्याकडे होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. तीच वॉल्ट्झ, रेडिओवरची. तशीच मोकळी.

तीफेर काढलं. बाबा, म्हटलं, हा तो किनारा. वाजवलं. गाण्याबरोबर होतं की मागे, ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर मला कधीच कळलेलं नाही. एक पाणपक्षी उडून गेला. गाणं संपलं तेव्हा तिकडे टाळ्या पडल्या, आणि मी अजून वाजवतच होतो.

दुकानातून परतायला लागेल तेवढा वेळ तिथंच बसलो. मग गेलो. एल्फेज धावत आला, शर्ट घामाने चिंब, म्हणाला, मिळालं का रे?

म्हटलं, नाही. सकाळीच संपलं म्हणे. फार मागणी आहे इथे.